उंदराच्या चापातला बिबट्या

छबुबाई हसत होती.

बीडच्या पेठेतल्या दुकानामागची कडब्याची खोली, खिडकीला डांबर फासलेलं, आत लाल काचेचा कंदील, आणि त्या उजेडात औषधाच्या परातीत काच हलवत बसलेला धोंडीराम फोटोवाला. काचेवर सगळं उलटं उमटतं, गोरं ते काळं आणि काळं ते गोरं. तेव्हा बायकोचे केस पांढरे झालेले, चेहरा काळा, दात त्याहून काळे. पण धोंडीरामला उलटं वाचायची सवय होती, आणि त्यानं वाचलं ते असं, की ही बाई हसते आहे. तोंडाला पदर न लावता, मान मागं टाकून, अख्खी हसते आहे. कमरेवर घागर, अंगणात दुसरं कोणी नाही, आणि ही एकटीच हसते आहे. त्याचा हात थांबला. अठरा वर्षांच्या संसारात ही बाई त्यानं पाहिलीच नव्हती. घरात तिचा एकच फोटो होता, लग्नानंतरचा, खुद्द त्यानंच काढलेला, आणि त्यात ती दात उपटून घ्यायला बसवल्यासारखी बसली होती.

खरं तर फोटो मांजराचा निघायचा होता. आडाच्या वाटेवर त्यानं सुतळी ताणली होती, सुतळीचं टोक उंदराच्या चापाला, चापाखाली ठासणीच्या बंदुकीची टोपी, टोपीच्या शेजारी पत्र्यावर मॅग्नेशियमची पूड. अंधार पडला की कॅमेऱ्याच्या भिंगावरचं टोपण काढून ठेवायचं. अंधारात काच उघडी राहिली तरी बिघडत नाही. सुतळीला पाय लागला की चाप मिटणार, टोपी फुटणार, पूड भडकणार, आणि त्या एका झपक्यात समोर जे असेल ते काचेवर बसणार. फोटोवाला तिथं नसला तरी चालतो, बाजेवर घोरत असला तरी चालतो. मांजरासाठी सुकट ठेवली होती, पण मांजर आलंच नाही, घागर घेऊन छबुबाई आली. धडाम झालं, ती किंचाळली, घागर फुटली, शेजारचा बंकट तांब्या हातात घेऊनच धावत आला, "कुटं लागली आग?" म्हणून ओरडला आणि सगळं पाणी धोंडीरामच्या अंगावर ओतून मोकळा झाला. ह्यातलं काही काचेवर नव्हतं. किंचाळणं उजेडाच्या मागून आलं होतं. काचेनं धरलं ते उजेडाच्या आधीचं.

दोन दिवस त्याच्या डोक्यातून ते जाईना. भाकरी खाता खाता त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "कावून हसत होतीस गं परवा सांजच्याला?"

"कवा?"

"घागर फुटली तवा."

"घागर फुटल्यावर कोण हसतं? तुमची आई हसली असंल वरून."

"त्याच्या आदी. वाटंनं येताना."

छबुबाईनं तव्यावरची भाकरी उलथली. "म्या न्हाई हसले," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा लग्नाच्या फोटोतल्यासारखा झाला. त्यानं काच कडब्यात लपवली. बायकोची चोरी पकडावी तसं त्याला वाटत होतं, आणि चोरी कसली, ते मात्र कळत नव्हतं.

त्याचा धंदाच असा होता की त्याच्यासमोर कोणी हसत नसे. पाच आकडे मोजूस्तोर हलायचं नाही, श्वास घ्यायचा नाही, पापणी पाडायची नाही. पेठेतला किराणेवाला खुर्चीवर बसला की संत व्हायचा, वकील पुतळा व्हायचा, नवरदेव हुतात्मा व्हायचा. टोपण काढायच्या आधी माणूस खाकरत, खाजवत, बायकोवर खेकसत असायचा. टोपण काढलं की तो जायचा आणि त्याचा कोणीतरी भारदस्त चुलता येऊन बसायचा. वीस वर्षं धोंडीराम ह्या चुलत्यांचेच फोटो काढत आला होता. जरासुद्धा न हलता, अगदी मनापासून त्याच्यासमोर बसला असेल असा एकच जीव त्याला आठवत होता, आणि तो मेलेला होता.

तो पाटोद्याकडचा बिबट्या. दोन वर्षांमागं सुंदरराव देशमुखांचा माणूस घोडं घेऊन आला, सरकारांनी बिबट्या मारलाय, चला म्हणाला. धोंडीराम पोचला तेव्हा विहिरीतून मोटेचा नाडा लावून काहीतरी फुगलेलं वर ओढत होते. कुत्र्यामागं धावताना बिबट्या आत पडला होता, त्याला तीन दिवस झाले होते, आणि वास सांगत होता की चारसुद्धा असतील. "बुडाला काय अन् मारला काय, मेला तर माझ्याच विहिरीत ना बे?" सुंदरराव म्हणाले, आणि ते त्यांच्या दृष्टीनं खरंच होतं. धोंडीरामनं त्याला पंचानं पुसलं, मिशांना खोबरेल लावलं, जबडा उघडा राहावा म्हणून आत बाभळीची काडी उभी केली. सुंदररावांनी बंदूक टेकून त्याच्या मानेवर पाय ठेवला. तीन आकडे झाले आणि काडी सटकली, जबडा खाडकन मिटला, आणि सरकार बंदुकीसकट मागच्या शेणाच्या ढिगात जाऊन बसले. दुसऱ्या वेळी निघाला तो फोटो बीडच्या कचेरीत लागला. खाली सुंदर उर्दू अक्षरांत लिहिलं होतं, ह्या डोंगरातला शेवटचा बिबट्या, आणि कचेरीच्या फसली कालगणनेचं साल, तेराशे अडतीस. आल्यागेल्या साहेबाला तो दाखवायचे. धोंडीराम कचेरीत गेला की त्या फोटोखालून मान खाली घालून जायचा, आणि तरी दर वेळी त्याला वाटायचं, काय स्वच्छ निघालाय!

आणि मग गेल्या आठवड्यात सटवा धनगर आला. खांद्यावर घोंगडी, पायात धुळीचेच जोडे. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"फोटूवाले तुमीच का?"

"मीच."

"देशमुखाचा बिबट्या तुमीच काढलता?"

"मीच की." धोंडीराम जरा फुलला.

"मंग तुमीच आमाला चोर केलं बगा."

सटवाचं म्हणणं सरळ होतं. देशमुखांच्या नऊ शेळ्या त्याच्याकडं राखणीला होत्या, त्यातल्या तीन बिबट्यानं नेल्या. देशमुख म्हणतात, डोंगरात बिबट्या होता तो मी मारला, कचेरीत फोटो आहे, फोटो खोटं बोलत नाही. तेव्हा शेळ्या सटवानंच सिरसाळ्याच्या बाजारात नेऊन विकल्या. पंजाचे ठसे दाखवले, तर म्हणाले तरसाचे असतील. अवसेला चावडी बसणार होती. तोवर बिबट्या दाखव, नाहीतर मेंढरं घेऊन डोंगर सोड. ज्या डोंगरात सटवाच्या पणज्यानं वाडगं घातलं होतं, तो डोंगर.

"मेल्याचा फोटू काढला ना तुमी?" सटवा म्हणाला. "आता जित्त्याचा काढा. फोटूनं बांदलं, फोटूनंच सोडवा."

धोंडीरामला खरं म्हणजे नाही म्हणायचं होतं. पण कचेरीतल्या पेशकारानं एकदा त्याला एक विलायती मासिक दाखवलं होतं, त्यात एक वाघ होता, रात्री, रानात, आपल्याच नादात चाललेला, आणि पेशकार म्हणाला होता की तिथं माणूस कोणी नव्हतं, वाघानं दोरीवर पाय देऊन स्वतःच स्वतःचा काढलाय. त्या वाघाची मान त्याला आठवत राहिली होती. कोणाचा चुलता नव्हता तो. सटवा चोर आहे की नाही हे कळावं, हे तर होतंच. पण आतून धोंडीरामला दुसरंच काहीतरी खाजत होतं. आपण नसताना जग कसं दिसतं? आणि तालमीसाठी मांजराच्या वाटेवर सुतळी ताणली, त्यात बायको हसताना सापडली, तेव्हा ती खाज अंगभर झाली.

भाकरीवरच्या त्या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवशी टट्टावर कॅमेरा, औषधाच्या बाटल्या आणि उरलेल्या चार काचा लादून तो निघाला. मुंबईहून नव्या काचा यायला महिना लागणार होता. तेव्हा चारच.

सटवाच्या पालाजवळून एक वाट ओढ्याच्या पाण्याकडं उतरत होती, आणि वाटेच्या वळणावर वाघोबाचा दगड होता, शेंदरानं इतका लिंपलेला की आत दगड आहे हे ऐकूनच माहीत असायचं. तिथंच बाभळीखाली तिपाई उभी केली. दिवस मावळला की सटवानं जाऊन टोपण काढायचं, पहाटेच्या अंधारात जाऊन बसवायचं. काच धुवायला अंधारी खोली हवी, तर सटवाच्या बायकोनं, साखराबाईनं, तीन घोंगड्या एकावर एक टाकून पालात पाल करून दिलं. भरदुपारी तो आत परात घेऊन बसायचा. अंधार चांगला होता. त्या अंधारात मेंढीचा वास होता, घाम होता, आणि पिसवा होत्या, ज्यांना फोटोवाला ही जात नवीन आणि चवदार वाटली. काच हलवताना खाजवता येत नाही. धोंडीराम दातओठ खाऊन काचेवर उमटणाऱ्या डागांकडं बघत राहायचा, आणि दर वेळी पहिल्या दोन मिनिटांत त्या डागांत त्याला बिबट्या दिसायचाच.

पहिल्या काचेवर निघालं ते सटवाचं पागोटं आणि वर आभाळाकडं केलेलं ढुंगण. टोपण काढून झाल्यावर त्यानं मशीनला दंडवत घातलं होतं, आणि मागं सरकताना टाच सुतळीला लागली होती.

"दंडवत कावून घातलंस?" धोंडीराम ओरडला.

"मंग? रातभर जागा ऱ्हानार तो. आपुन जाऊन झोपनार."

दुसऱ्या काचेवर बोकड निघाला, सुतळी चघळताना. निवांत, डोळे अर्धे मिटलेले, ओठाच्या कोपऱ्यातून सुतळीचं टोक बाहेर. धोंडीराम चिडायला गेला, पण त्याला चिडता येईना. तो त्या बोकडाकडं बघतच राहिला. इतकी वर्षं बोकडं पाहिली, खाल्ली, पण सुतळीची चव घेताना बोकडाच्या मनात काय चाललेलं असतं, हे त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं. सटवाही घोंगडीबाहेर काच उन्हाला धरून बघत होता. "आपलाच हाय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "पर असा कदी बघितला न्हवता." अवसेला दोन दिवस होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे सटवा पळत आला. सुतळी तुटली होती, पूड जळून पत्रा काळा पडला होता, आणि धुळीत ठसे होते, ताजे, वाटेनं आलेले, सुतळीपाशी थांबलेले, तिथून एका उडीत ओढ्यात गेलेले. सुतळीपासून तिपाई दहा पावलांवर. धोंडीरामनं तिथं ओणवं होऊन ठशावर हात ठेवला. इथं उभा होता. आपण घोरत होतो आणि तो इथं उभा होता. मग त्यानं वर पाहिलं.

कॅमेऱ्याच्या भिंगाला शेंदूर लावला होता. नुसता टिळा नव्हे. तेलात कालवलेला, बोटानं नीट गोल फिरवून, कडेकडेपर्यंत, कुठं काच दिसू नये असा. तिपाईच्या तीनही पायांना हळद, पुढ्यात अर्धं खोबरं.

"साखरे!" सटवा किंचाळला.

साखराबाई भाकऱ्या टाकून आली. तिनं दोघांकडं पाहिलं, तिला आपलं काय चुकलं ते कळेना. "टोपान काडलेलं, डोळा बोडका," ती म्हणाली. "वाघोबाच्या वाटंवर असा बिनशेंदराचा डोळा वटारून कुनी बसतं व्हय? त्याचा मान हाय. म्हून म्या तुमी आल्यावर मागून जाऊन लिंपला. चांगला दोन बोटं जाड लिंपला."

"आगं, त्यानं बगायचं होतं!"

"आपल्या दगडाला तर डोळ्यावरच असतो शेंदूर. त्याला दिसत न्हाई व्हय?"

बीडचा फोटोवाला काच घेऊन घोंगड्यांत शिरला. काच धुतली. उजेडाचा कणसुद्धा आत गेला नव्हता. औषधातून निघाली ती पाण्यासारखी कोरी, आरपार. तिच्यातून पलीकडचा सटवा दिसत होता, डोक्याला हात लावून बसलेला. बिबट्या आला होता, उजेडात पुरता न्हाला होता, मशीनकडं त्यानं पाहिलंही असेल, आणि ते सगळं शेंदराच्या अलीकडं राहिलं. धोंडीरामनं काच फोडली नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. फडक्यात गुंडाळून ठेवली.

उरली एक काच. ती अवसेच्या आदल्या संध्याकाळी लावली. साखराबाईला पालातून हलू द्यायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून ती पालातूनच मशीनला हात जोडून बसली. पहाटे सटवा गेला आणि एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात जरीकाठी रेशमी पटका घेऊन आला. "बिबट्या पटका बांदतो काय ओ?" त्यानं विचारलं.

घोंगड्यांखाली धोंडीराम काच हलवत होता. डाग आला. डागाला मिशा आल्या. पिसवा चावायच्या थांबल्या असं त्याला वाटलं, आणि मग मिशांना गाल आले, गालांवर डोळे, एवढाले, आणि खाली उघडं तोंड, आणि त्याच्याखाली सुंदरराव देशमुख, एक पाय हवेत, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात विळा.

विळा सुतळी कापायला. तांब्या कोणी विचारलं तर सांगायला. गडी पाठवता आला नसता, कारण गड्याला काय सांगणार, जो बिबट्या नाहीच त्याचा फोटो निघू नये म्हणून सुतळी काप? हे धोंडीरामला लगेच कळलं. कळायला वेळ लागला तो चेहऱ्याचा. उजेडाला भ्याले असतील, असं त्यानं आधी मनाशी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच त्याला छबुबाई दिसली, मान मागं टाकून हसणारी. किंचाळणं उजेडाच्या मागून येतं. काच धरते ते आधीचं. म्हणजे धडाम व्हायच्या आधीच, त्या अंधारात, एकेक पाऊल टाकताना, कोणी बघत नसताना, सरकारचा चेहरा असा होता. बिबट्या नाही असं अख्ख्या गावाला सांगणारा माणूस बिबट्याला इतका भ्यालेला होता. वीस वर्षांत, छबुबाई सोडली तर, धोंडीरामच्या हातून निघालेला हा पहिला खरा माणूस.

दुपारी घोड्यावर तेच आले. डोक्याला साधं उपरणं. "काय निघालं बे धोंड्या?" आवाज चावडीचा, डोळे कुठंतरी दुसरीकडं.

धोंडीरामनं काच फोटोच्या कागदावर ठेवून चौकट उन्हात ठेवलीच होती. कागद हळूहळू तपकिरी होत होता, आणि उलट्याचं सुलटं होत होतं. सुंदरराव खाली वाकून बघायला लागले. आधी बाभळ आली. मग तांब्या. मग मिशा. आपलाच चेहरा आपल्यासमोर उगवताना बघणारा माणूस धोंडीरामनं कधी पाहिला नव्हता. सटवा मागं घोंगडी मुठीत धरून उभा होता. धोंडीरामला दिसत होतं की हा चेहरा पुरता उगवला की काय होणार. घोड्याचा चाबूक चौकटीवर पडणार, काचेचे तुकडे होणार, आणि संध्याकाळी चावडीत सटवा चोरच राहणार, उलट जास्तच. सरकारच्या हाताची बोटं चाबकावर आवळत चालली होती.

"सरकार," धोंडीराम म्हणाला, आणि पुढचं त्याच्या तोंडून त्याला न विचारताच निघालं, "काय गर्जलात हो!"

सुंदररावांनी वर पाहिलं.

"बिबट्या पुढ्यात, अन् हातात नुस्ता विळा. दुसरा असता तर धोतर सोडून पळाला असता. तुमी गर्जलात. हे बगा, जबडा कसा उगडलाय."

मेंढरं खाकरत होती. मग सुंदररावांनी पुन्हा खाली पाहिलं, मान एकदा इकडून, एकदा तिकडून करून.

"बिबट्या कुटंय ह्याच्यात?"

"तुमच्या म्होरं. मशीनच्या जागी. तुमी त्याच्याकडंच बगताय."

"हां," सुंदरराव म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "हां! इतका जवळ होता." मग घोड्यावर बसता बसता, "डरकाळीच फोडली मी. पळाला बेटा. सटव्या, पटका दे."

संध्याकाळी चावडीत बिबट्या तेरा हात लांब झाला. सरकारनं तो दोनदा सांगितला, दुसऱ्या वेळी विळा पडला आणि हातच राहिले. सटवाच्या शेळ्यांचं काय, असं कोणी तरी विचारलं, तेव्हा ते त्याच्यावरच डाफरले, "एवढा बिबट्या हाय डोंगरात, तर शेळ्या काय सटवानं खाल्ल्या? अक्कल हाय का बे?" सटवाचा डोंगर राहिला. कचेरीत पहिल्या फोटोशेजारी दुसरा लागला. दोन वर्षांपूर्वीचा शेवटचा बिबट्या आणि त्याच्यानंतरचा बिबट्या एकाच भिंतीवर कसे, हे साहेबलोकांना कधी विचारावंसं वाटलं नाही. धोंडीराम मात्र आता दोन फोटोंखालून मान खाली घालून जायला लागला. पहिला खोटा होता आणि त्यानं तो खरा केला होता. दुसरा खरा होता, आणि त्याला खोटं नाव त्यानंच दिलं होतं. निघताना सटवानं पायाला हात लावला तेव्हा त्याला सांगावंसं वाटलं होतं, अरे, फोटूनं न्हाई सोडवलं तुला. पण सटवा त्या कोऱ्या काचेकडं बघत होता, उन्हाला तिरकी धरून.

"ह्याच्यात हाय ना तो?" त्यानं विचारलं.

"ह्याच्यातच होता."

"मंग जपा," सटवा म्हणाला.

त्यानं जपली. चौकट करून दुकानात खुर्चीसमोर, कॅमेऱ्याच्या जरा वर टांगली. आलेलं गिऱ्हाईक खुर्चीत बसून चुलता व्हायला लागलं, की धोंडीराम म्हणायचा, "त्या काचेत बिबट्या हाय. बगा दिसतो का." माणूस पुढं झुकायचा. भुवया वर जायच्या, ओठ जरा सुटायचे, आपण फोटोला बसलोय हे विसरून तो त्या कोऱ्या काचेत शोधायला लागायचा, आणि धोंडीराम तेवढ्यात टोपण काढायचा. नव्या काचा चांगल्या चटपटीत होत्या, पाच आकडे लागत नव्हते. त्या साली बीडच्या पेठेत काढलेले सगळे फोटो असेच आहेत. सगळे जण पुढं झुकून काहीतरी शोधताहेत.

दिवाळीच्या आधी एका दुपारी त्यानं छबुबाईलाही बसवलं. ती पदर सारखा करून, हात मांडीवर ठेवून, ओठ मिटून बसली. तशीच, अठरा वर्षांपूर्वीसारखी.

"त्या काचेत बिबट्या हाय," तो म्हणाला. "बग दिसतो का."

छबुबाईनं काचेकडं पाहिलं. मग त्याच्याकडं, काळं फडकं डोक्यावर घेऊन वाकलेल्या नवऱ्याकडं. "उंदराच्या चापात बिबट्या धरायला गेलते," ती म्हणाली. "त्या सांजंलाबी मला ह्याचंच..." आणि पुढं तिला बोलवेना. मान मागं गेली, पदर सुटला, आणि ती हसायला लागली, अख्खी.

धोंडीराम फडक्याबाहेर तोंड काढून बघत राहिला. टोपण काढायचं राहूनच गेलं.